रामेश्वरला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काशी-रामेश्वर ही जोडी आपल्याकडे इतकी तोंडात बसलेली असते की रामेश्वर नेमकं कुठे आहे, तिथे काय करायचं, किती वेळ लागतो याची चौकशी तिकिटं काढल्यावर सुरू होते. रामेश्वर तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, पांबन बेटावर आहे. एका अंगाला मन्नारचं आखात, दुसऱ्या अंगाला पाल्कची सामुद्रधुनी. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे अगदी दक्षिणेकडचं आणि चार धामांपैकी दक्षिणेचं धाम. पहिल्यांदा जाणारे, त्यातही आईवडिलांना घेऊन जाणारे, जे विचारतात त्याची ही उत्तरं.

किती दिवस ठेवावेत?

दोन मुक्काम. एका मुक्कामात रामेश्वर उरकतं, पण ते उरकणंच होतं. मदुराई-रामेश्वर-कन्याकुमारी अशी जी धावती सहल असते तिच्यात माणूस दुपारी पोचतो तेव्हा मंदिर बंद असतं, संध्याकाळी गर्दीत दर्शन होतं आणि सकाळी नाश्ता करून बस सुटते. पहाटेचं स्फटिकलिंगाचं दर्शन राहतं, बावीस तीर्थांचं स्नान राहतं, धनुष्कोडीला गेलंच तर गाडीतून उतरून फोटो काढण्यापुरतं. ज्योतिर्लिंगांच्या यादीत खूण करायची एवढाच हेतू असेल तर हरकत नाही. पण इतक्या लांब आलोच आहोत तर पहिली संध्याकाळ साधं दर्शन आणि ओवऱ्या, दुसरी पहाट स्फटिकलिंग आणि तीर्थस्नान, त्याच दिवशी दुपारनंतर धनुष्कोडी, आणि तिसऱ्या सकाळी राहिलेलं बघून निघायचं, असा बेत ठेवावा. पहाटे चारला उठलेल्या वडीलधाऱ्यांना दुपारी दोन तास आडवं व्हायला मिळालं पाहिजे, हे बेत आखणारी तरुण मंडळी हमखास विसरतात.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारी ते मार्चची सुरुवात. तिथला मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत पडत नाही. तो परतीचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बंगालच्या उपसागरात वादळं उठतात तीही याच दिवसांत, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हवामानाचा अंदाज बघूनच निघावं. एप्रिल-मे महिन्यांत दगडी फरशी अशी तापते की अनवाणी चालताना नाच होतो.

अमावास्यांकडे लक्ष असू द्या. तमिळ आडी महिन्यातली, तै महिन्यातली आणि महालयाची अशा तीन अमावास्यांना पितरांसाठी लाखोंची गर्दी लोटते. महालयाची म्हणजे आपली सर्वपित्री. आडीची अमावास्या बहुतेक वर्षी आपल्या दिव्याच्या अवसेला येते. ज्या दिवशी आपल्याकडे निम्मी जनता गटारीच्या तयारीत असते त्याच दिवशी तिकडे माणसं कंबरभर समुद्रात उभी राहून तर्पण करत असतात. गर्दीचा त्रास होणाऱ्यांनी या तारखा आणि महाशिवरात्र टाळावी.

पोचायचं कसं?

विमानाने जायचं तर मदुराई. तिथून रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर, साडेतीन तास धरा. रेल्वेने चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून रात्रीच्या गाड्या आहेत आणि सकाळी थेट बेटावर उतरता येतं. विदर्भातल्यांना आणखी एक सोय आहे: बनारसहून रामेश्वरला जाणारी थेट गाडी नागपूर-बल्लारशामार्गे उतरते. काशीची यात्रा करून पुढे रामेश्वरला जाणाऱ्यांसाठी तर ही गाडी म्हणजे जुनी पायवाटच रुळावर आल्यासारखी.

शक्य असेल तर एकदा तरी रेल्वेने जा, कारण पांबनचा पूल. मूळ पूल १९१४ साली सुरू झाला. वांद्रे-वरळी सागरी सेतू होईपर्यंत देशात समुद्रावर त्याच्याइतका लांब पूल नव्हता. गंजलेल्या लोखंडामुळे डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची वाहतूक थांबवली आणि सव्वादोन वर्षांहून जास्त काळ रेल्वेचे प्रवासी अलीकडेच उतरून रस्त्याने बेटावर जात होते. नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला सुरू झाला. दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब, आणि त्याचा मधला ७२.५ मीटरचा भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. असा उभा उचलला जाणारा समुद्रपूल देशात हा पहिलाच. तो उचलला जाताना दिसेल या आशेवर मात्र ताटकळू नका. जहाज आलं तरच उचलतात.

शेजारचा रस्त्याचा पूल १९८८ चा. त्यावर गाड्या थांबवून फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. पोलीस हटकतात आणि बरोबरच करतात.

राहायचं कुठे?

मंदिराच्या चारी बाजूंच्या रस्त्यांवर, चालत जाता येईल असं. पहाटे पाचला मंदिरात असायचं असेल आणि ओल्या कपड्यांनी खोलीवर यायचं असेल तर तीन किलोमीटरवरचं चकचकीत हॉटेल काय कामाचं? देवस्थानच्या खोल्या आहेत, वेगवेगळ्या मठांच्या, समाजांच्या धर्मशाळा आहेत, साधी लॉजं भरपूर. खोली घेताना गरम पाणी आणि कपडे वाळत घालायला जागा आहे का, एवढं विचारा.

मंदिराच्या वेळा काय? स्फटिकलिंग म्हणजे काय?

पहाटे पाच ते दुपारी एक, मग तीन ते रात्री नऊ. सणावाराला बदल होतो.

पहाटे पाच ते सहा या तासात गाभाऱ्यात मुख्य लिंगापुढे स्फटिकाचं छोटं लिंग ठेवून त्याला दुधाचा अभिषेक करतात. मागे ज्योत असते, तिचा उजेड स्फटिकातून आरपार येतो आणि दूध ओतलं की क्षणभर सगळं पांढरं होऊन पुन्हा लख्ख होतं. त्यासाठी वेगळं छोटं तिकीट आणि वेगळी रांग असते. साडेचारला रांगेत उभं राहिलं तर निवांत दिसतं. पावणेसहाला धावतपळत गेलात तर पुढच्याच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढंच. तीर्थस्नान यानंतर करायचं, आधी नाही. आधी केलंत तर स्फटिकलिंग हुकलंच म्हणून समजा.

बावीस तीर्थांचं स्नान नेमकं कसं असतं?

कुठल्याही देवळात दर्शन हा मुख्य कार्यक्रम असतो. रामेश्वरला पाणी तितकंच मुख्य आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी मंदिराच्या पूर्वेला समुद्रात डुबकी मारायची. त्या किनाऱ्याला अग्नितीर्थ म्हणतात. तसंच निथळत मंदिरात यायचं, खिडकीवर तिकीट काढायचं आणि आवाराच्या आत असलेल्या बावीस तीर्थांचं पाणी एकामागून एक अंगावर घ्यायचं. बहुतेक तीर्थं म्हणजे विहिरी, एखादं तळं. महालक्ष्मी तीर्थापासून सुरुवात. मग सावित्री, गायत्री, सरस्वती. पुढे नल, नील, गवय ही वानरवीरांची नावं. शंख, चक्र, सूर्य, चंद्र, गंगा, यमुना, गया करत शेवटी कोटीतीर्थ.

प्रत्येक विहिरीच्या काठावर बादली-दोरवाला उभा असतो. दोन्ही पाय कठड्यावर फाकवून, लुंगी वर खोचून. बादली आत सोडतो, दोराला एक हिसका देतो, दोन-तीन हातांत वर ओढतो आणि त्याच झोक्यात तुमच्या डोक्यावर रिकामी करतो. पाण्यावर बादली आपटल्याचा आवाज आणि तुमचं दचकणं यांत दोन श्वासांचंही अंतर नसतं. प्रत्येक विहिरीच्या पाण्याची चव निराळी लागते म्हणतात. खरं सांगायचं तर चव बघायला सवडच मिळत नाही; ओंजळ पुढे करेपर्यंत बादली डोक्यावर आलेली असते. पण चाखून बघाच. समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी खारट नाही. बेट वाळूचं, त्यामुळे पावसाचं पाणी खाली मुरतं आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर हलकं गोडं पाणी थरासारखं राहतं, हे त्यामागचं कारण.

वेळ किती लागतो? साध्या दिवशी तास-दीड तास, सुट्टीच्या दिवशी तीन तासही. तिकिटाचा दर अगदी माफक असतो. त्यापलीकडे ‘सगळ्या विहिरींवर भरपूर पाणी घालून देतो, रांग नाही’ असं सांगणारे दलाल बाहेर भेटतात. माणशी काही शे रुपये मागतात. मोठ्या गटाला त्यांच्यामुळे सोपं जातं हे नाकारत नाही, पण त्यांच्याशिवाय काहीच अडत नाही. घेतलाच माणूस तर रक्कम आधी, सगळ्यांसमोर आणि ‘एवढेच, वर काही नाही’ असं म्हणवून घेऊन ठरवा.

स्नान केलंच पाहिजे का? आईचे गुडघे दुखतात.

मुळीच नाही. स्नानाशिवाय दर्शन घेता येतं आणि कितीतरी जण तसंच घेतात. स्नानाच्या वाटेवरची फरशी सतत ओली असते, पायऱ्या-उंबरे आहेत, मागून रेटा असतो. पाय घसरून मनगट मोडून घेण्यात कसलं पुण्य? घरातल्या एकाने स्नान करून बाटलीभर तीर्थ आणलं आणि आईच्या हातावर घातलं तरी चालतं. अशा न भिजलेल्या माणसाकडे कोरडे कपडे, चष्मे आणि पाकिटं सांभाळायला देता येतात, ही दुसरी सोय.

ओल्या कपड्यांत गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. कपडे बदलायच्या खोल्या आहेत, पण तिथे कोंडमारा असतो. गडद रंगाचा, लवकर वाळणारा सलवार-कमीज किंवा लेंगा-सदरा स्नानासाठी बरा. नऊवारी-सहावारी भिजली की पायात येते.

अग्नितीर्थाचं पाणी स्वच्छ असतं का?

समुद्र तिथे संथ आणि उथळ आहे, लाटांची भीती नाही, लहान मुलंही उतरतात. पण रोज हजारो माणसं त्याच पट्ट्यात बुडी मारतात, काही जण अंगावरचे कपडेही तिथेच सोडून देतात. पायात कापड अडकतं तेव्हा शिसारी येते. पहाटे पहाटे गेलं तर पाणी त्यातल्या त्यात बरं. कपडे समुद्रात टाकण्याची ‘प्रथा’ कुणी सांगितली तर कानाडोळा करावा.

आम्ही काशीहून गंगाजल आणलंय. त्याचा अभिषेक होतो का?

होतो, आणि आपल्या बहुतेक घरांत रामेश्वरला जायचं कारण तेच असतं. गंगेचं पाणी रामेश्वराला आणि इथल्या सेतूची वाळू प्रयागच्या संगमात, असं झालं की काशीयात्रा पुरी झाली, अशी जुनी समजूत. म्हणून कित्येक घरांत देव्हाऱ्यात गंगेचा सीलबंद गडू वर्षानुवर्षं रामेश्वरची वाट बघत असतो. पाणी तांब्या-पितळेच्या बंद गडूतच न्यावं. मंदिराच्या कार्यालयात अभिषेकाची पावती फाडायची, गडू गुरुजींकडे द्यायचा. अभिषेक तेच करतात, यजमानाला गाभाऱ्यात प्रवेश नाही. उत्तरेत आपण काशीला स्वतःच्या हाताने पिंडीवर पाणी घालतो, तसं दक्षिणेत नसतं. हे आधी माहीत नसलं की माणसं तिथे हिरमुसतात.

एकनाथ महाराजांची गोष्ट इथे कुणालातरी आठवतेच. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना काशी ते रामेश्वर हे अंतर केवढं, याचा अंदाज नसतो. दोन रात्री रेल्वेत काढल्यावर तो येतो.

गाभाऱ्यात दोन लिंगं कशी?

रावणवधानंतर रामाने शिवपूजा करायचं ठरवलं आणि मारुतीला लिंग आणायला कैलासावर पाठवलं. त्याला उशीर झाला, मुहूर्त टळू लागला, तेव्हा सीतेने वाळूचं लिंग केलं आणि त्याचीच स्थापना झाली. ते रामलिंग, म्हणजे रामनाथस्वामी. मारुती परतला आणि खट्टू झाला. त्याची समजूत म्हणून रामाने सांगितलं की तू आणलेल्या लिंगाची पूजा आधी होईल. ते विश्वलिंग. आजही पहिला मान त्यालाच. देवीचं नाव पर्वतवर्धिनी.

तिथले पुजारी मराठी आहेत, हे खरं का?

मूळचे महाराष्ट्रीय, हो. तमिळनाडूच्या बहुतेक शिवमंदिरांत पूजा शिवाचार्य, म्हणजे तिथले परंपरागत शैव पुजारी, करतात. रामेश्वरला मात्र परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मण घराणी पूजा करत आली आहेत आणि शृंगेरीच्या पीठाकडून दीक्षा घेतलेल्यालाच लिंगाला स्पर्श करता येतो. म्हणून कुणी ‘कुठून आलात?’ असं मराठीत विचारलं तर दचकू नका. मराठी बोलणारा प्रत्येक जण पुजारी असतो असंही नाही. गिऱ्हाईक हेरायला बाहेरच्या दलालांनाही चार भाषा येतात.

मोबाइल आत नेता येतो? कपडे कसे हवेत?

मोबाइल नाही, कॅमेराही नाही. बाहेर जमा करायची सोय आहे, पण सगळ्यात सोपं म्हणजे खोलीवरच ठेवून जाणं. गटाने जात असाल तर चुकामूक झाल्यास कुठे भेटायचं ते ठरवून घ्या. चारी दिशांना दारं आहेत आणि ओवऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. ‘पूर्वेच्या गोपुराबाहेर’ असं नेमकं ठरलेलं असावं. कपडे अंगभर. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे नकोत.

दर्शन झालं. आत बघण्यासारखं काय?

ओवऱ्या! बाहेरच्या, तिसऱ्या प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या. त्यात १,२१२ खांब आहेत, जवळजवळ सात मीटर उंचीचे, दोन्ही हातांना उंच जोत्यांवर ओळीने उभे. लांबीच्या बाजू प्रत्येकी दोनशे मीटरच्या आसपास. एका कोपऱ्यात उभं राहून समोर बघितलं की खांब लहान लहान होत जाऊन टोकाला एक ठिपका उरतो. पलीकडून येणारा माणूस आधी हलणारा डाग, मग धोतर, मग चेहरा असा येतो. हे काम अठराव्या शतकात मुत्तुरामलिंग सेतुपती या रामनाडच्या, म्हणजे रामनाथपुरमच्या राजाने पुरं केलं. ‘सेतुपती’ म्हणजे सेतूचा रक्षक. हे घराणंच या मंदिराचं पालक. याच घराण्यातल्या भास्कर सेतुपतींनी स्वामी विवेकानंदांना शिकागोला जायला पाठबळ दिलं आणि जानेवारी १८९७ मध्ये विवेकानंद कोलंबोहून परतले तेव्हा त्यांनी भारताच्या भूमीवर पहिलं पाऊल ठेवलं ते इथेच, पांबनला. बेटावर कुंदुकाल इथे त्याचं स्मारक आहे.

दुपारी तीनला दार उघडल्या उघडल्या जा. स्नानाची वर्दळ ओसरलेली असते, फरशी वाळलेली असते. घाई न करता एक पूर्ण फेरी मारा. मोठा नंदी बघायला विसरू नका. तो दगडाचा नाही, विटा-चुन्याचा आहे. पूर्वेचं गोपुर १२६ फुटी, नऊ मजली.

श्राद्ध, पिंडदान करायचं असेल तर?

अग्नितीर्थाच्या काठावर होतं. गुरुजी तिथेच भेटतात. गोत्र, तीन पिढ्यांची नावं कागदावर लिहून न्या, कारण आयत्या वेळी पणजीचं नाव कुणालाच आठवत नाही. दक्षिणा आणि साहित्याचा खर्च आधी ठरवा. वाळूचं लिंग करून पूजा, मग ती वाळू प्रयागला नेण्यासाठी पुरचुंडीत बांधून घेणं, हेही इथेच करून देतात.

धनुष्कोडीला जावं का? भीती नाही ना?

जावंच. गावापासून जवळजवळ वीस किलोमीटर, बेटाच्या निमुळत्या टोकाकडे.

धनुष्कोडी हे एकेकाळी नांदतं गाव होतं. चेन्नईहून ‘बोट मेल’ इथपर्यंत यायची, प्रवासी स्थानकातून उतरून आगबोटीत बसायचे आणि श्रीलंकेत तलैमन्नारला उतरून पुन्हा रेल्वे धरायचे. स्थानक, टपाल कचेरी, चर्च, जकात नाका, सगळं होतं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या अलीकडे लाटेखाली गेली. शंभरावर प्रवासी होते, त्यातलं कुणी वाचलं नाही. गाव बुडालं आणि सरकारने ते राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर केलं. त्याच वादळात पांबनचा पूलही उद्ध्वस्त झाला. तो ४६ दिवसांत पुन्हा उभा करणारा तरुण अभियंता म्हणजे ई. श्रीधरन, ज्यांना आपण पुढे कोकण रेल्वेमुळे ओळखू लागलो.

आज तिथे चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पोवळ्याच्या दगडाच्या, जवळून बघितलं तर चाळणीसारख्या भोकाभोकांच्या. स्थानकाचे अवशेष आहेत. काही कोळी कुटुंबं झोपड्या बांधून राहतात, मासे तळून विकतात. पूर्वी इथून पुढे वाळूतून जीपने जावं लागे. २०१७ पासून अरिचल मुनै या अगदी शेवटच्या टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र. डावीकडचा पाल्कचा, बहुधा तळ्यासारखा शांत. उजवीकडचा मन्नारचा, खवळलेला. स्थानिक कोळी शांत समुद्राला बाई आणि दांडग्याला पुरुष म्हणतात. माझ्या माहितीच्या कुठल्याही मराठी घरात हे उलट असतं, पण ते असो.

भीती एकाच गोष्टीची: टोकाजवळ पाण्यात उतरू नका. दोन प्रवाह तिथे एकमेकांना भिडतात, पायाखालची वाळू सरकते. काठावरून पाय भिजवले तेवढं पुरे. संध्याकाळ झाली की पोलीस सगळ्यांना परत फिरवतात, म्हणून साडेतीनपर्यंत निघावं. टोकाला सावली नाही. टोपी आणि पाणी जवळ हवं. रस्त्यात कोदंडरामाचं मंदिर लागतं. बिभीषणाला रामाने इथे अभिषेक केला म्हणतात. १९६४ च्या वादळातून ते वाचलं.

तिथून रामसेतू दिसतो का?

नाही. दिसतं ते पाणी आणि हवामान चांगलं असेल तर दूरवर वाळूची बेटुकली. सेतू म्हणून जी उथळ चुनखडी-वाळूच्या टेकाडांची माळ ओळखली जाते ती पार श्रीलंकेच्या मन्नार बेटापर्यंत गेलेली आहे. तिचा आकार विमानातून किंवा उपग्रहाच्या चित्रात कळतो. ‘दुर्बिणीतून सेतू दाखवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. गावातल्या पंचमुखी मारुतीच्या देवळात हौदात तरंगणारे दगड दाखवतात, ते सच्छिद्र असतात आणि आत हवा कोंडलेली असते. श्रद्धेने हात जोडायला ते आड येत नाही.

अब्दुल कलामांचं घर बघता येतं?

हो. मंदिराजवळच, मशिदीच्या गल्लीत. १५ ऑक्टोबर १९३१ ला ते इथे जन्मले. वडिलांची होडी होती, तिच्यातून ते यात्रेकरूंना धनुष्कोडीला ने-आण करत. घरात आता छोटं संग्रहालय आहे. जिना अरुंद, एकेरी रांगेत चढावं लागतं. शहराबाहेर पेइ करुंबू इथे त्यांना दफन केलं, तिथलं स्मारक २७ जुलै २०१७ ला खुलं झालं. क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती वगैरे मुलांना आवडतात. मला विचाराल तर गल्लीतलं घर जास्त बोलकं आहे.

जेवणाचं काय? आणि उपास असला तर?

शाकाहारी खानावळी पुष्कळ. सकाळी इडली, पोंगल, वडा; दुपारी ‘मील्स’, म्हणजे पानावर भात, सांबार, रसम, कूट्टू, ताक. वाढपी थांबत नाही. ‘पोदुम’, म्हणजे पुरे, म्हटलं की थांबतो. पोळी-भाजीची थाळी उत्तरेकडच्या यात्रेकरूंमुळे मिळते, पण तिच्यामागे कशाला लागायचं? फिल्टर कॉफी मात्र सोडू नका.

उपासाला साबुदाण्याची खिचडी मागितलीत तर कुणाला कळणार नाही. गंमत अशी की आपण घरोघरी जो साबुदाणा भिजत घालतो तो बराचसा याच तमिळनाडूतल्या सेलमहून येतो. केळी, शहाळी, दूध यांवर दिवस काढा किंवा दाण्याचे लाडू बरोबर ठेवा.

काय विकत घ्यावं?

शंख-शिंपल्यांच्या वस्तू. नावं कोरून देतात, दोन मिनिटांत. भाव निम्म्यावरून सुरू करा. पोवळं किंवा प्रवाळाचा तुकडा कुणी गुपचूप दाखवला तर घेऊ नका: मन्नारच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि प्रवाळ बाळगणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ‘खरा उजवा शंख’ स्वस्तात मिळाला तर तो खरा नाही.

बाकीची ठिकाणं रिक्षाने बघावीत का?

अर्ध्या दिवसात होतात. गंधमादन टेकडी घ्या, बेटावरची सगळ्यात उंच जागा. रामाच्या पादुका आहेत आणि वरून बेटाचा आकार कळतो. विल्लोंडी तीर्थ घ्या, समुद्रात काही पावलं आत गोड्या पाण्याची विहीर आहे. रामतीर्थ, लक्ष्मणतीर्थ वाटेवरच. रिक्षावाला ‘अकरा पॉइंट, पंधरा पॉइंट’ असे आकडे सांगतो. आकड्यावर भाव ठरवू नका, हव्या त्या चार जागांची नावं सांगून ठरवा.

परतताना कुठे थांबावं?

बहुतेक जण मदुराई किंवा कन्याकुमारी करतात. मराठी माणसाला मी तंजावर सुचवीन. रस्त्याने पाच तास. ही वाट जुन्या यात्रेकरूंचीच आहे. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरला जाणाऱ्यांसाठी तिच्यावर छत्रं बांधली, म्हणजे जेवण-मुक्कामाची फुकट सोय. सरफोजी दुसरे यांनी ओरत्तनाडूला उभारलेलं मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच. तंजावरला बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, तोही मराठीत, भिंतभर. अक्षरं वाचता येतात. सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय मंदिरापासून जवळच आहे. उन्हं चढायच्या आत मंदिर बघून मग तिकडे वळलं तर एका दिवसात दोन्ही होतात.